आधी गारवा, मग पेटी

नाशवंत फळे दूरच्या बाजारपेठेत धाडण्यासाठी थर्माकोलच्या किंवा तत्सम उष्णतारोधक पेट्या वापरण्याकडे बागाइतदारांचा कल आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या ज्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन लाभले, तिच्यासारख्या अतिनाजूक फळास अशा संरक्षणाची गरज आहे यात शंका नाही. परंतु पेटी घेतली की माल सुस्थितीत पोहोचलाच, ही समजूत मात्र घातक होय. तिच्यापायी पेटीचा खर्चही होतो आणि फळही हातचे जाते.

उष्णतारोधक पेटी गारवा निर्माण करीत नाही. आत जे तापमान असेल ते टिकविण्याचे काम तेवढे ती करते. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के भाग हवेचा असतो व ही कोंडलेली हवा उष्णतेस सहजासहजी वाट देत नाही. बर्फाची लादी भुशात ठेवली असता लवकर वितळत नाही. उलट, कोकणात आंब्याची आढी घालतात ती भाताच्या पेंढ्यात, आणि तेथे ऊब टिकून फळ पिकते. भुसा काय किंवा पेंढा काय, दोहोंचा धर्म एकच; बर्फाजवळ तो थंडी राखतो, आंब्याजवळ ऊब राखतो. पेटीचेही तसेच आहे.

काढणीनंतरही फळ जिवंत असते व त्याचे श्वसन चालू राहते. या क्रियेत उष्णता उत्पन्न होते, आणि तापमान १० अंशांनी वाढल्यास श्वसनाचा वेग सर्वसाधारणपणे दुप्पट-तिप्पट होतो. दुपारच्या उन्हात तापलेली स्ट्रॉबेरी बंद पेटीत भरली, तर ही उष्णता बाहेर पडू शकत नाही. मग पेटीची आढी होते, आणि स्ट्रॉबेरीची आढी म्हणजे नासाडीच.

पेटीत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. त्याचा हिशेब पाहणे उद्बोधक ठरेल. १० किलो स्ट्रॉबेरी ३० अंश सेल्सिअसवरून ५ अंशांवर आणावयाची तर सुमारे २२५ किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषून घेतो. म्हणजे केवळ फळ थंड करण्यासच पावणेतीन किलोंहून अधिक बर्फ हवा. प्रवासात बाहेरून शिरणाऱ्या उष्णतेचा विचार निराळाच. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्यांनी हे काम होणे नाही. शिवाय बर्फास चिकटलेले फळ गोठून खराब होते व मधल्या भागातील फळ गरमच राहते. तेच फळ आधी थंड केलेले असेल, तर त्याच दोन पिशव्या बाहेरची उष्णता बराच काळ थोपवू शकतात.

द्राक्ष बागाइतदारांनी हा धडा यापूर्वीच गिरविला आहे. १९९१ साली महाग्रेप्स ही संस्था स्थापन झाली व संघटित निर्यातीस चालना मिळाली. निर्यातीची द्राक्षे काढणीनंतर काही तासांतच पूर्वशीतकरण गृहात नेतात, मण्यांचा गाभा ४ अंशांच्या आसपास येईपर्यंत थंड करतात व त्यानंतरच शीतगृहात ठेवतात. स्थानिक बाजारपेठेसाठी फळे पिकविणाऱ्यांनीही हाच क्रम अंगीकारणे इष्ट आहे.

लहान बागाइतदारास स्वतःचे पूर्वशीतकरण गृह परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु एकट्यास जे जड, ते गटास जड नाही. गावातील संकलन केंद्रावर एक सामायिक शीतकक्ष, त्यात क्रेटमधून थंड हवा खेचणारा पंखा आणि फळाच्या गाभ्याचे तापमान पाहण्यासाठी एक तापमापक, एवढी सोय गटाने किंवा सहकारी संस्थेने प्रथम करावी. पेट्यांची खरेदी त्यानंतर. अर्थसाहाय्य देतानाही हाच अग्रक्रम ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

तोपर्यंत हाती असलेले उपाय बिनखर्ची आहेत. काढणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावी. फळे ताबडतोब सावलीत न्यावी व जेथे शीतकक्ष आहे तेथे शक्यतो दोन तासांच्या आत पोहोचवावी. ती छिद्रांच्या क्रेटमध्येच थंड करावी व तेथेच उष्णतारोधक पेटीत बंद करावी. थंड फळ उघड्या हवेत आणल्यास त्यावर दव जमते व बुरशीस आमंत्रण मिळते. जेथे फळ थंड करण्याची सोयच नाही, तेथे बंद पेटीपेक्षा हवेशीर क्रेट, रात्रीचा प्रवास आणि जवळची बाजारपेठ हेच हितावह होय.

वर्षभर राबून पिकविलेल्या मालाची किंमत आडत्याच्या पट्टीत घटते, तेव्हा दोष वाहनास अगर बाजारास दिला जातो. पुष्कळदा तो माल बागेतून निघतानाच गरम होता, हे मात्र ध्यानात येत नाही. पेटी ही गारव्याची राखणदार आहे. जो गारवा आत ठेवलाच नाही, त्याची राखण ती कशी करणार?