बाळंतपणाआधीचे मौन

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उसाची लागण झाली की तिची नोंद कारखान्याकडे होते. माळेगाव असो, सोमेश्वर असो वा भवानीनगरचा छत्रपती. तोड केव्हा येणार याचा हिशेब शेतकरी कित्येक महिने आधीपासून मांडतो. परंतु ज्या सुनेला पूर्वी गंभीर मानसिक आजार होऊन गेला आहे, तिच्या बाळंतपणाचा असा हिशेब कोणी मांडताना आम्हांस दिसत नाही. दिवस गेल्याचे कळताच घरचे पहिले काम करतात ते तिच्या गोळ्या बंद करण्याचे. पोटातल्या जिवाला बाधतील, हे कारण. ही माया आम्ही समजू शकतो. तिचे समर्थन करू शकत नाही.

काही औषधे घातक आहेत हे खरे. व्हॅलप्रोएट घेणाऱ्या मातांच्या सुमारे १० टक्के बालकांत जन्मजात व्यंग आढळते. ते दिवस जाण्यापूर्वीच बदलून घ्यावयास हवे. पण इतर अनेक औषधे देखरेखीखाली चालू ठेवता येतात. हा निवाडा मानसोपचारतज्ज्ञाने करावयाचा. सासूने, शेजारणीने किंवा (लिहिणे भाग आहे) प्रार्थनासभेतील एखाद्या उत्साही बांधवाने नव्हे. एरवी हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला तीव्र चित्तभ्रम होतो. उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार असेल, तर पाचांतील एकीला. तोही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. आधी झोप उडते. घरात मात्र 'बाहेरची बाधा' म्हणून दृष्ट काढणे चालते.

खरे दुखणे मौनाचे आहे. लग्न ठरविताना आजार सासरी सांगितलेला नसतो. म्हणून सासरच्या गावी नाव नोंदविणाऱ्या आशाताईस काही ठाऊक नसते. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, तेव्हा तेथील प्रसूतिगृहाच्या हाती रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन लिहिलेले कार्ड तेवढे पडते. ज्या आईवडिलांना सर्व ठाऊक असते, तेच मुलीचा संसार मोडेल या भयाने गप्प. आणि विवाहापूर्वीची चौकशी ज्या कार्यालयात होते, तेथे बसून आम्हीही हा प्रश्न क्वचितच विचारला, हे आमच्या पदरी घेतो.

एक कागद पुरे. कोणते औषध, किती. अंगावर पाजताना ते चालेल का. आईला सलग झोप मिळावी म्हणून रात्री बाळ कोण सांभाळील. बिघडल्यास कोठे न्यावयाचे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही त्यावर असावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडता येत नाही. तोडावेच लागले तर दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई व बाळ एकत्र राहतील असा विभाग २००९ साली निघाला. इंदापूरच्या बाळंतिणीस तो काय कामाचा? बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशी तेथे मानसोपचारतज्ज्ञाची एक खुर्ची मांडावी, ही मागणी घेऊन आम्ही जाणार आहोत. ज्या घरांनी आजवर मौन पाळले, त्यांतील एक-दोन आमच्याबरोबर आली तर अर्जास वजन येईल.