पावती दाखवा, मग हार घाला

‘लोकांच्या देणगीतून उभे राहिलेले राष्ट्रीय स्मारक’ असे कुणी छाती फुगवून सांगू लागले की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. काही द्यायला नव्हे. खिसा आधीच कापला गेला नाही ना, हे चाचपायला.

नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा घ्या. 31 ऑक्टोबर 2018 रोजी त्याचे अनावरण झाले. त्याआधी गावोगाव शेतकऱ्यांकडून जुनी अवजारे मागून लोखंड गोळा केले गेले आणि लोकसहभागाचे ढोल बडवले गेले. प्रत्यक्षात पुतळ्याचे दिसणारे अंग ब्राँझचे, आणि ब्राँझचे पत्रे ओतून आले चीनमधून. शेतकऱ्याचा फाळ प्रकल्पात कुठेतरी जिरला. छायाचित्रापुरते त्याचे काम झाले होते.

पैशाची गोष्ट त्याहून सुरस आहे. महालेखापरीक्षकांच्या म्हणजे कॅगच्या 2018च्या अहवालात पाच सरकारी तेल कंपन्यांची नावे आहेत. ओएनजीसीने 50 कोटी दिले, इंडियन ऑइलने 21.83 कोटी, आणि हिंदुस्थान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम व ऑइल इंडियाने प्रत्येकी 25 कोटी. एकूण 146.83 कोटी रुपये, तेही सामाजिक दायित्वाच्या म्हणजे सीएसआरच्या खात्यातून. 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के शाळा, आरोग्य, पाणी, वारसा-जतन अशा कामांवर खर्च करायला सांगितले. कॅगने आक्षेप घेतला, हा पुतळा वारसा कसा? प्रश्न शाळकरी पोरालाही सुचण्याजोगा होता. पाच कंपन्यांच्या संचालक मंडळांना मात्र सुचला नाही. कसा सुचेल? ज्या सरकारने खुर्चीवर बसवले, त्याच्या लाडक्या प्रकल्पाला नाही म्हणण्याइतका कणा त्या खुर्चीसोबत मिळत नाही. यजमानानेच आपल्या एका खिशातले पाकीट दुसऱ्या खिशात घालावे आणि मांडवात आहेर म्हणून मिरवावे, तसला हा प्रकार. फरक इतकाच की पाकिटातले पैसे तुमचे-माझे होते.

खासगी दात्यांची तऱ्हा वेगळी. 2018 मध्येच दालमिया भारत ही सिमेंट कंपनी लाल किल्ल्याची ‘स्मारक मित्र’ झाली. पाच वर्षांसाठी 25 कोटी. ‘लाल किल्ला विकला’ अशी तेव्हा ओरड झाली. ती खोटी होती. करार स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, दिवे, फलक असल्या सोयींचा होता. माझा संताप नेमका त्यावरच आहे. दर पंधरा ऑगस्टला ज्या तटावरून देशाला महासत्तेची स्वप्ने दाखवायची, तिथल्या संडासासाठी वर्षाला पाच कोटी सरकारला जड व्हावेत? आणि एवढ्याशा रकमेत शहाजहानच्या किल्ल्याशी नाव जोडून मिळत असेल, तर याला दानत कशाला म्हणायचे? ही स्वस्तात मिळालेली जाहिरात आहे.

देणग्या घेऊच नयेत असे मी म्हणत नाही. कन्याकुमारीचे विवेकानंद शिलास्मारक 1970 मध्ये पुरे झाले, त्यासाठी अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानड्यांनी देशभरातून एकेक रुपया मागितला. सरकारांनी आणि धनिकांनीही हातभार लावला; पण लाखो सामान्यांनी तो रुपया राजीखुशीने दिला. नको म्हणण्याची मुभा त्यांना होती. देणगीची पहिली अट तीच.

दुसरी अट हिशेबाची. 1895 मध्ये टिळकांनी रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारला. तो डेक्कन बँकेत ठेवला आणि बँकेबरोबर बुडाला. या निधीचे काय झाले म्हणून टिळकांना जाब विचारणारे आजही भेटतात. भांडण उकरणाऱ्यांचे हेतू काहीही असोत, मला ते आवडते. सव्वाशे वर्षे उलटली तरी लोक आणा-पैचा हिशेब मागतात, कारण तो पैसा आपल्या पूर्वजांनी दिला असे त्यांना वाटते. तेल कंपन्यांच्या 146.83 कोटींसाठी असा कुणी खडसावून जाब विचारताना दिसला? आपण काही दिले, हेच आपल्याला ठाऊक नाही. आणि न कळता घेतलेल्या पैशाचा हिशेब द्यावा लागत नाही, हे सत्तेला पुरते ठाऊक आहे.

‘पैसा कुठून का येईना, स्मारक तर झाले ना?’ हा युक्तिवाद करणाऱ्यांना गल्लीतले गणपती मंडळ दाखवावे. पाच दिवसांच्या मूर्तीसाठी पोरे पावती फाडतात आणि वर्षाअखेर अहवालात जमाखर्च छापतात. न छापणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षी दारात उभे करत नाहीत. शेकडो कोटींच्या स्मारकाला मात्र ही साधी रीत लागू नाही. तिथे जमाखर्च शोधायला कॅगच्या अहवालात डोके घालावे लागते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. सरकारी कंपन्यांचा सीएसआर पुतळ्यांच्या वाटेला जाता कामा नये. खासगी कंपनीने जरूर द्यावे, पण तिचे नाव वास्तूवर नको, हिशेबाच्या फलकावर हवे: कुणी किती दिले आणि बदल्यात काय मिळवले, सगळे प्रवेशद्वाराशीच वाचता येईल असे. पुढच्या वेळी कुणी लोकवर्गणीतल्या भव्य स्मारकाची घोषणा केली, तर टाळी वाजवण्याआधी पावतीपुस्तक मागा. ते नसेल, तर समजा की वर्गणी आधीच वसूल झाली आहे. तुम्हाला फक्त हार घालायला बोलावले आहे.