योजना टेबलावर नको, बांधावर आखा

‘घोडं मेलं ओझ्यानं आन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ अशी म्हण आहे. सरकारी योजनांत शेतकऱ्याचं त्या शिंगरासारखं होतं. हेतू चांगला, अनुदानही चांगलं. पण सातबारा, झेरॉक्स, पासबुक, सही, परत सही यातच त्याचा जीव मेटाकुटीला येतो. दोष योजनेत कमी, तिच्या आखणीत जास्त.

अलीकडं शहरात ‘सर्व्हिस डिझायनर’ नावाचा पेशा आला आहे. नाव ऐकून कापडचोपड आठवेल, पण काम साधं आहे. सेवा ज्याला घ्यायची, त्याच्या पायानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालून बघायची. कुठं अडतं, कुठं खेटा पडतो ते टिपायचं. त्यावरून योजना कशी असावी हे ठरवायला मदत करायची. मग चार गावांत करून बघायची, चुका काढायच्या आणि नंतरच सगळीकडं न्यायची. आपण तरी नवं वाण एकदम पाच एकरांवर कुठं पेरतो? आधी दोन गुंठ्यांत लावून बघतोच की.

ई-पीक पाहणीचंच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. तलाठ्यानं करायची पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर फोटो काढून करायची. कल्पना उत्तम. पण बांधावर रेंज नाही, घरात साधा फोन, खातेदार म्हातारा, चुकून दुसरंच पीक नोंदलं तर काय, असे प्रश्न उभे राहिले. २०२२ च्या खरिपात सुधारित ॲप आलं. आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित धरायची आणि तलाठ्यानं १० टक्के नोंदी तपासायच्या, असं ठरलं. चुकणारा माणूस गृहीत धरून केलेली ही खरी आखणी. फक्त ती आधी व्हायला हवी होती. कारण नोंद राहिली की नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत अडचण शेतकऱ्याचीच होते.

दुसऱ्यालाच कशाला नावं ठेवू? बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक मी स्वतः सकाळी अकराला ठेवायचो. चार पुरुष यायचे, बाई एकही नाही. त्या रानात धसकटं वेचायला गेलेल्या. आणि घरात बियाणं राखणार, निवडणार त्याच! वेळ माझ्या एसटीची होती, त्यांच्या कामाची नव्हती. सभा संध्याकाळी देवळापुढं घेतली, तेव्हा कुठं बसायला जागा पुरेना.

आमचे काही सहकारी म्हणतात, बाहेरचा डिझायनर कशाला, आम्ही आहोतच. मान्य. माणूस कुठलाही असो, काम झालं पाहिजे. मात्र आराखडा देऊन निघून जाणारा नको. पहिल्या शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पडेपर्यंत त्यानं थांबावं. धोरण आणि चावडी यांतली फट तिथंच दिसते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना एकच विनंती. गावातली एक योजना निवडा. एखाद्या अल्पभूधारक शेतकऱ्याबरोबर किंवा एकट्यानं शेती करणाऱ्या बाईबरोबर अर्जापासून शेवटपर्यंत स्वतः फिरा. पडलेला प्रत्येक खेटा वहीत लिहा. ती वही २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचा आणि ठराव करून तालुक्याला पाठवा. वरच्यांना शिंगराचा हेलपाटा दिसला, तरच तो थांबेल.