रांग कुणाची?

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात 'वारिया' राहतात. देह पुरुषाचा, जगणं बाईचं. मशिदीत गेलं की सवाल : उभं कुठल्या रांगेत राहायचं? पुरुषांच्या की बायांच्या? म्हणून २००८ साली त्यांनी आपलाच मदरसा काढला. कुणी लुंगी नेसावी, कुणी बाईसारखं डोकं झाकावं, नमाज एकच. फेब्रुवारी २०१६ मध्ये धर्माच्या ठेकेदारांनी धमक्या दिल्या. अधिकाऱ्यांनी बंद काय केलं? धमक्या नव्हे, मदरसा! तरी त्या पुन्हा जमल्याच.

हे वाचून कुणी मुसलमानांना शिव्या घालू नयेत. अडवणारे मुसलमान, तसेच अडूनही नमाज पढणारेही मुसलमानच. कुणी म्हणेल, मग धर्मच सोडा. का म्हणून सोडायचा? अल्ला काय ठेकेदारांच्या बापाचा आहे?