निदान आणि मांडणी

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेतून वाचलेल्यांविषयी बोलताना ‘मानसिक आघात’ हा शब्द चटकन ओठांवर येतो. शब्द चुकीचा नाही. तो अपुरा आहे, असे आम्हांस वाटते. समजा, अशा प्रसंगानंतर दोघांची झोप उडाली. एकाला गेलेल्या सोबत्याविषयी अपराधी वाटत असेल, तर दुसऱ्याला पुन्हा त्याच दारातून कामावर जाण्याची धास्ती असेल. निदान एकच ठरेल, परंतु दुःखाची घडण निराळी असेल.

म्हणूनच चिकित्सा-मानसशास्त्रात निदानाच्या जोडीला ‘केस फॉर्म्युलेशन’ केले जाते. याच माणसाला, याच वेळी हा त्रास का झाला, तो कशामुळे टिकून आहे आणि त्याला आधार कशाचा आहे, यांची ती संगतवार मांडणी असते. मनोविश्लेषक दडपलेला संघर्ष शोधतो. आरोन बेकच्या वाटेने जाणारा विचार, भावना व वर्तन यांचे चक्र आखतो. कुटुंबोपचारक नात्यांची वीण पाहतो. दृष्टी कोणतीही असो, मांडणी हे गृहीतकच असते. ते रुग्णासोबत तपासायचे आणि न पटल्यास बदलायचे.

साहित्याच्या वर्गाला हा विवेक उपयोगी पडेल. ‘एकच प्याला’तील सुधाकराचे स्वभावचित्र लिहिताना विद्यार्थी ‘अहंकारी’, ‘व्यसनाधीन’ असे लिहून मोकळा होतो आणि त्याला गुणही मिळतात. हे झाले निदान. मांडणी करू गेल्यास कोर्टातील अपमान व गेलेली सनद हे निमित्त, तळीरामाची संगत ही वाट, सिंधू व रामलाल हे आधार, असे धागे हाती येतात. आणि सावरू पाहणाऱ्या सुधाकराला प्रतिष्ठितांचे जग पुन्हा उभे राहू देत नाही, हे दुखणे टिकवणारे कारणही दिसते. गडकऱ्यांनी सारा दोष प्याल्यात ठेवलेला नाही.

तेव्हा ‘स्वभावचित्र रेखाटा’ या प्रश्नाऐवजी ‘या पात्राच्या वागण्याच्या दोन पर्यायी मांडण्या करा व संहितेतील कोणता पुरावा त्यांना छेद देतो ते सांगा’, असे विचारून पाहावे. सुधाकर आपल्या मांडणीला आक्षेप घेऊ शकत नाही. तेथे संहितेलाच आक्षेप घेऊ द्यावा लागतो. आपले विद्यार्थी मात्र उद्या शेजाऱ्याविषयी, सहकाऱ्याविषयी, स्फोटातून वाचलेल्या एखाद्या कामगाराविषयीही मत देतील. त्या माणसाला ‘असे नाही’ म्हणता येते, आणि ते ऐकून घेण्याची सवय वर्गातच लागावी, एवढाच आमचा आग्रह आहे.