वारा कुणी सोडला?

२०२१च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिक तोंडावर आलं होतं. पुरुषांच्या गोल्फमध्ये जागा साठच. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिजोनं माघार घेतली, एक जागा रिकामी झाली आणि पुण्याचा उदयन माने ऑलिंपिकपटू झाला. दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच माणसाच्या निर्णयानं मानेचं ऑलिंपिक ठरलं. हे नशीबच. पण ती जागा आपल्यापर्यंत येईल इतक्या वरच्या क्रमांकावर राहण्यासाठी त्यानं जी वर्षं मैदानावर घालवली, ती कुणी सोडत काढून दिलेली नव्हती, आणि टोकियोत चार दिवस प्रत्येक फटका त्याचा त्यालाच मारायचा होता.

गोल्फ खेळणारा माणूस नशिबाशी असा व्यवहार लहानपणापासून शिकतो. वाऱ्याची झुळूक, गवताचा कल, झाडाच्या फांदीला लागून मैदानात परत आलेला चेंडू, हे सगळं त्यानं गृहीतच धरलेलं असतं. मग हाच खेळ मोबाईलवर आला की त्याच नशिबाचा एवढा संताप का होतो?

पनवेलमध्ये हा प्रश्न अस्थानी नाही. खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी सिडकोनं उभारलेलं गोल्फचं मैदान पनवेल महापालिकेच्याच हद्दीत येतं. ती हिरवळ रस्त्यावरून पाहिलेले पुष्कळ, तिथे प्रत्यक्ष स्टिक फिरवलेले फार थोडे. बहुतेकांना गोल्फ भेटतो तो पनवेलहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या हार्बर लोकलमध्ये, अंगठ्याखाली. सव्वा तासाच्या वरचा प्रवास, आणि दोन-चार मिनिटांत संपणारा एक होल. या खेळासाठी अशी सोय दुसरी नाही.

‘गोल्फ क्लॅश’ हा या जातीतला गाजलेला खेळ. इंग्लंडमधल्या प्लेडेमिक या कंपनीनं तो २०१७ साली आणला आणि २०२१मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं ती अख्खी कंपनी १४० कोटी डॉलरला विकत घेतली. समोर अनोळखी प्रतिस्पर्धी, दोघांच्या नाण्यांची रास मध्ये, जिंकेल त्यानं उचलायची. वाऱ्याचा वेग कोपऱ्यात आकड्यात दिसतो. त्या हिशेबानं निशाणाचं वर्तुळ सरकवायचं, चेंडू मागे ओढायचा आणि झुलणारी सुई बरोबर मधोमध आली की बोट सोडायचं. खेळाडू यात खरोखर तयार होतात. वाऱ्याची कोष्टकं पाठ करतात, कुठल्या स्टिकला किती सरकवायचं ते वहीत लिहून ठेवतात.

आणि तरीही अशा कुठल्याही खेळात एक क्षण येतो. वारा मोजलेला, सुई मधोमध, स्क्रीनवर ‘परफेक्ट’ची अक्षरं, आणि चेंडू कडेला आपटून झाडीत. समोरच्याची सुई चुकलेली, पण त्याचा चेंडू दोन उड्या मारून झेंड्याला चिकटतो. ‘परफेक्ट मारला होता रे’, ‘सगळं सेट असतं’, ‘समोर माणूस नव्हताच, बॉट होता’, ही वाक्यं कोणत्याही खेळाडूंच्या घोळक्यात ऐकू येतात. यातला प्रत्येक आरोप खरा नसतो. पण संताप खरा असतो, आणि त्याच्या मुळाशी एक रास्त मागणी आहे. ती नीट समजून घ्यायला हवी.

आधी खऱ्या गोल्फमध्ये नशीब किती असतं ते पाहू. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंचे असंख्य फटके मोजून दाखवलं, की आठ फुटांवरून जगातले सर्वोत्तम गोल्फपटूसुद्धा साधारण निम्मेच चेंडू खड्ड्यात घालतात. आठ फूट म्हणजे घरातल्या खोलीची रुंदी. रॉबर्ट कॉनोली आणि रिचर्ड रेंडलमन या दोन अभ्यासकांनी अमेरिकी व्यावसायिक दौऱ्याच्या १९९८ ते २००१ या वर्षांतल्या गुणांचा हिशेब मांडला आणि २००८मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष गोल्फपटूंनाही विचारात पाडणारा होता. स्पर्धा जिंकणाऱ्याला चार फेऱ्यांत मिळून स्वतःच्या नेहमीच्या दर्जापेक्षा सरासरी साडेनऊ फटक्यांच्या आसपास अनुकूल नशीब लाभलेलं होतं. पुष्कळ स्पर्धांचा निकाल एक-दोन फटक्यांवर लागतो, हे लक्षात घेतलं म्हणजे साडेनऊ हा आकडा केवढा मोठा आहे ते कळतं.

म्हणजे नशीब खऱ्या मैदानावर काही कमी नाही. तरी तिथे कुणी ‘सगळं सेट होतं’ म्हणत नाही, कारण खाडीवरून येणारा वारा कुणाच्या पगारावर नसतो. मोबाईलमधला वारा मात्र कुणीतरी सोडलेला असतो. चेंडू किती उसळेल, ‘परफेक्ट’ फटका किती अंशांनी सरकू द्यायचा, सरकूच द्यायचा की नाही, हे एका कार्यालयात बसलेल्या माणसांनी ठरवलेलं असतं. संगणक एका बीजसंख्येपासून सुरुवात करून सूत्रानं पुढचे आकडे काढत जातो. ते आकडे खेळणाऱ्याला यादृच्छिक वाटतात, पण त्यांना किती मोकळीक द्यायची ही मर्यादा माणसाच्या हातची असते. जे ठरवलेलं आहे, त्याचा जाब विचारता येतो.

त्यातही नशीब कधी येतं याला फार महत्त्व आहे. लुडोत किंवा जुन्या सारीपाटात दान आधी पडतं, सोंगटी नंतर हलते. दान वाईट पडलं तरी कुठली सोंगटी हलवायची हे डोकं वापरून ठरवता येतं. गोल्फच्या खेळातला वारासुद्धा असाच आहे. तो फटक्याआधी कळतो, आणि त्याला उत्तर देणं हेच कौशल्य. उलट, फटका मारून झाल्यावर, सुई मधोमध लागल्यावर, जर आतल्या आत आणखी एक आकडा काढला जात असेल आणि त्यानुसार चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे ढकलला जात असेल, तर त्या आकड्याला उत्तर देण्याची संधीच खेळाडूला मिळत नाही. पहिल्या प्रकारचं नशीब कौशल्याला काम देतं, दुसऱ्या प्रकारचं कौशल्याचं काम पुसून टाकतं. वर्षानुवर्षं खेळणारे चिडतात ते या दुसऱ्या नशिबावर, आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे.

भारतीय न्यायालयांनी नशीब आणि कौशल्य यांतला भेद मोबाईलच्या कितीतरी आधी ओळखला होता. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की जुगाराच्या स्पर्धा हा व्यापार नव्हे आणि त्यांना व्यापारस्वातंत्र्याचं संरक्षण नाही; ज्यात कौशल्याचा भाग मोठा आहे, त्या स्पर्धांची गोष्ट निराळी. पुढे १९६८मध्ये नोंदल्या गेलेल्या सत्यनारायण खटल्यात सिकंदराबादच्या एका क्लबातली रमी न्यायालयापुढे आली. निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि तिथल्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हे न्यायमूर्ती पत्त्यांच्या डावाकडे अगदी बारकाईनं पाहतात. तीन पत्तीत सगळा भर नशिबावर, रमीत मात्र पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची, असा त्यांचा युक्तिवाद. हातात येणारी पानं नशिबाची, पण ती आधी येतात. पुढचं सगळं खेळणाऱ्याचं.

यावर उभी राहिली अख्खी भारतीय ऑनलाइन रमी आणि फॅन्टसी क्रिकेटची बाजारपेठ. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा मानला. मग २०२५ साली केंद्रानं हा प्रश्नच बाजूला ठेवला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं, कौशल्य असो की नशीब, पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले. लोक कर्जबाजारी होत होते, घरं मोडत होती. त्यामुळे त्या निर्णयामागची काळजी समजण्यासारखी आहे.

पण मोबाईलवरच्या गोल्फसारख्या खेळांत पैसा फक्त एका दिशेनं जातो. जिंकलेली नाणी बाजारात वाणी घेणार नाही. या कायद्याचा रोख जिथे पैसे लावून पैसे मिळतात तिथे आहे, त्यामुळे इथला कौशल्य-नशिबाचा सवाल अजून तसाच पडून आहे. हे खेळ फुकट उतरवून घेता येतात आणि कमाई होते ती पेट्यांवर. पेटी उघडली की स्टिकची कार्डं मिळतात, कुठली ते आधी कळत नाही. चांगली स्टिक वरच्या पातळीवर न्यायची तर पेट्या उघडत राहायच्या, वाट पाहून किंवा पैसे मोजून. म्हणजे हरलेल्याच्या मनात आपोआप हिशेब सुरू होतो, की हात चुकला नव्हता, स्टिक कमी पडली. तो हिशेब त्याला दुकानाच्या पानावर नेतो.

माणसाचं मन या बाबतीत किती कच्चं आहे हे खेळ बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. १९७५मध्ये एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात काहींना लॉटरीचं तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात ते नुसतं ठेवलं. परत विकायला सांगितल्यावर स्वतः निवडणाऱ्यांनी सरासरी साडेआठ डॉलरहून अधिक किंमत मागितली, इतरांनी दोनच्याही आत. तिकीट तेच, संधी तीच. ‘सिव्हिलायझेशन’ खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०१०मध्ये विकसकांच्या परिषदेत सांगितलं, की तीनास एक असं पारडं जड असताना हरलं की खेळाडूंना तो अन्याय वाटतो. मग आकडे त्यांच्या भावनेला पटतील असे वळवावे लागले. निन्टेन्डोच्या ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत २००२पासूनच्या अनेक खेळांत पडद्यावर ९० टक्के दिसतं, पण आत दोन आकड्यांची सरासरी घेतल्यानं खरी शक्यता सुमारे ९८ टक्के होते. खेळाडूला बरं वाटावं म्हणून केलेली ही लपवालपवी आहे. बऱ्यासाठी आकडा लपवता येतो, तसाच तो दुसऱ्या कशासाठीही लपवता येतो.

पेट्यांच्या बाबतीत जगानं थोडी पावलं उचलली आहेत. चीननं मे २०१७पासून शक्यतांचे आकडे जाहीर करणं बंधनकारक केलं, त्याच वर्षी डिसेंबरात ॲपलनं आपल्या दुकानातल्या खेळांना तसा नियम लावला, आणि २०१८मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं काही खेळांतल्या अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे कळण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. मात्र खेळाचा जीव जिथे आहे, त्या फटक्यात नशिबाचा वाटा किती, हे सांगण्याची सक्ती यातल्या कुणीही केलेली नाही.

पनवेलकरांना उघड नशिबाची चांगली ओळख आहे. २०२४च्या दसऱ्याला सिडकोनं तळोजा, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर अशा परिसरांतल्या सुमारे २६ हजार घरांची योजना जाहीर केली. अर्ज भरणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, की शेवटी सोडत निघणार आहे. किमतीवरून लोक भांडले, अंतरावरून भांडले, पण सोडत असते हे कुणी लपवलं नव्हतं. त्याआधीचा, सिडकोसाठी जमिनी गेलेल्यांना द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडांचा इतिहास तर आणखी बोलका आहे. ती टक्केवारी १९८४च्या जासईच्या आंदोलनातून, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढून पदरात पडली. सोडतीनं पुढे फक्त एवढंच ठरवायचं, की कुणाचा भूखंड कुठला. हक्क लढ्याचा आणि क्रमांक सोडतीचा, अशी ती स्वच्छ वाटणी होती. ऑनलाइन खेळाकडे मागायची आहे ती हीच वाटणी.

खऱ्या गोल्फनं ती सतत सुधारत ठेवली आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये फिनिक्स ओपनच्या शेवटच्या फेरीत रिकी फाउलरचा चेंडू अकराव्या होलला पाण्यात गेला. दंड घेऊन त्यानं नियमाप्रमाणे चेंडू बाहेर ठेवला आणि पुढची हिरवळ पाहायला चालत गेला. पाठीमागे चेंडू आपोआप घरंगळून पुन्हा पाण्यात. कुणी हात लावलेला नव्हता, तरी आणखी एक दंड. चार फटक्यांत संपवायच्या होलवर सात फटके झाले. फाउलर ती स्पर्धा तरीही दोन फटक्यांनी जिंकला, पण त्या दंडावर जगभरच्या गोल्फपटूंनी रान उठवलं. नियम करणाऱ्या दोन संस्थांनी, आर अँड ए आणि अमेरिकन गोल्फ असोसिएशननं, ते ऐकलं. २०२३च्या नियमावलीनुसार असा ठेवलेला चेंडू नैसर्गिक कारणानं पाण्यात घरंगळला, तर तो दंडाशिवाय पुन्हा जागेवर ठेवता येतो. नशिबाचा किती भार खेळाडूनं सोसायचा, यावर उघड चर्चा झाली आणि उत्तर पुस्तकात छापलं गेलं.

मोबाईलवरच्या खेळांच्या सुधारित आवृत्त्या पुस्तकापेक्षा कितीतरी लवकर येतात. नवी मैदानं, नव्या स्टिक, नवे चेंडू यांची यादी प्रत्येक आवृत्तीसोबत असते. ‘परफेक्ट’ फटका जास्तीत जास्त किती सरकू शकतो, दोन्ही खेळाडूंना उसळीचे आकडे सारखे मिळतात का, समोर माणूस आहे की यंत्र, या तीन गोष्टी त्याच यादीत लिहिता येतील. होल संपल्यावर दोघांच्या फटक्यांमागचे आकडे पाहण्याची सोय देणंही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण ते आकडे यंत्रात असतातच. हरलेल्या खेळाडूनं ते उघडून पाहावेत. वाऱ्याचा अंदाज दोन वर्तुळांनी चुकला होता असं दिसलं, तर उद्याच्या लोकलमध्ये कशाचा सराव करायचा ते त्याला कळेल.