शाळेच्या जिन्यातला हिरवा ठिपका



मागच्या स्नेहसंमेलनाची गोष्ट. धाकटीचा कोळीनाच नुकताच संपला होता आणि वीज गेली. सभागृहात आम्ही मोबाईल उजळले, पण विंगेमागच्या जिन्यात चाळीस-पन्नास मुली मिट्ट काळोखात! एक पाचवीतली मुलगी पडली, हनुवटीला तीन टाके पडले. तेवढ्यावर निभावलं.

जिन्यात इमर्जन्सी लाइट होता बरं का! दुसऱ्या दिवशी शिपाईमामांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, हिरवा ठिपका रोज दिसतो की!" तो ठिपका एवढंच सांगतो, की दिव्यापर्यंत वीज येते आहे. आतल्या बॅटरीत जीव आहे का, हे तो सांगत नाही. आमची आई दिवेलागणीआधी कंदील हलवून रॉकेल बघायची, तसंच हे. हलवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ही गोष्ट लहान नव्हे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ट्रान्सफॉर्मरला आग लागली, वीज गेली, धूर वर चढला. अंधारात वाट दाखवणारे दिवे नव्हते, जादा खुर्च्यांनी वाटही अडलेली. ५९ माणसं गेली.

तर येत्या पालकसभेत शाळेला पुढील गोष्टी विचारा. (स्वतः बटणांना हात लावू नका. ते वायरमनचं काम.)

१. दर महिन्याला दिव्यांची वीज अर्धा मिनिट बंद करून पाहतात का? प्रत्येक दिवा आपोआप लागला पाहिजे. जिना, जिन्याचं वळण, बोळ, स्वच्छतागृह आणि सभागृहाचं मागचं दार, सगळीकडे एकाने फिरून बघायचं.

२. वर्षातून एकदा पूर्ण परीक्षा होते का? आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे हे दिवे किमान दीड तास टिकायला हवेत. पहिली पाच मिनिटं झगझगीत आणि मग मिणमिण, अशी बॅटरी बदलायलाच हवी. ही परीक्षा शनिवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर घ्यावी. उजेड कुठे पोचत नाही ते तेव्हाच दिसतं. शिवाय रिकामी बॅटरी पुन्हा भरायला चोवीस तास लागू शकतात, त्याला रविवार मोकळा मिळतो.

३. नोंदवही आहे का? तारीख, कोणता दिवा, किती वेळ जळला, बॅटरी कधी बदलली, सही. वही नसेल तर तपासणी होत नाही असंच समजा.

४. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" असं उत्तर आलं, तर विचारा, की जिना त्याच्यावर आहे का? पुष्कळदा तो फक्त ऑफिस आणि संगणकांपुरता असतो.

५. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगीपासून बचावाची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. शेवटचा दाखला दाखवा म्हणावं.

आणि एक आपल्याच हातातलं. संमेलनाच्या सजावटीला आपण जातोच. "बाहेर" लिहिलेल्या पाटीवर पताका नकोत, दारापुढे खुर्च्या नकोत आणि त्या दाराला कुलूप तर मुळीच नको. दिव्याने वाट दाखवली आणि दार बंद, तर काय उपयोग?

विचारायला संकोच वाटतो, खरं आहे. "या बाई फार चौकशा करतात" असं मलाही ऐकावं लागलं. पण चौघीजणी मिळून गेलो, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी आमच्यासमोरच वायरमनला बोलावलं. अकरा दिव्यांपैकी चारच लागले! आता सगळ्या बॅटऱ्या नव्या आहेत आणि वही ऑफिसात खिळ्याला टांगलेली असते.

जाता जाता, घरातला इमर्जन्सी लाइटही आज रात्री प्लग काढून लावून बघा. किती वेळ जळतो, ते घड्याळ लावून मोजा.